हबूब पाहिलाय? अनुभव लिहा

ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा हंगाम. नव्याने आलेली मंडळी पावसाबद्दल विचारतात, हबूबबद्दल, म्हणजे भिंतीसारख्या अंगावर येणाऱ्या धुळीच्या वादळाबद्दल, फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. घरात असा वा गाडीत, जे घडलं ते लिहा.

वाळवंटी
टूसॉनहून फिनिक्सला येत होतो, आय-१० महामार्गावर, पिकाचो पीकच्या आसपास. डोक्यावर निळं आभाळ, विजा लांब डोंगरांपाशी. मग जमिनीलगत एक तपकिरी कड दिसली आणि बघता बघता अंगावर आली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. त्याआधीच नवऱ्याने गाडी रस्ता सोडून शक्य तितकी बाजूला घेतली, सगळे दिवे बंद केले, हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला. सीटबेल्ट तसेच ठेवले. दारांवर वाळू तडतडत होती. शेवटी काचेवर थेंब पडले तेही चिखलाचे. त्या पट्ट्यात आता धूळ ओळखणारे सेन्सर आणि बदलत्या वेगमर्यादेच्या पाट्या आहेत. पाटीवरचा आकडा उतरला की वेग उतरवाच.

ढगवेडा
आभाळ निळं कसं, याचं उत्तर ढगाखाली आहे. तिथली हवा इतकी कोरडी की बराचसा पाऊस वाटेतच विरतो. पाण्याची वाफ होताना हवा गार आणि जड होते, धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. सारवायला ओतलेलं पाणी पसरावं तशी. मोकळी, सुकी माती तिच्या तोंडाशी उचलली जाते. त्यामुळे वादळ मैलोगणती दूर असतानाच धूळ तुमच्या दारात. ५ जुलै २०११ ला फिनिक्सवर आलेली भिंत किमान ५,००० फूट उंच होती, रुंदी १०० मैलांच्या घरात. मी गच्चीतून पाहिली. डाउनटाउनच्या इमारती एकेक करून गिळल्या गेल्या.

अर्णवची आई
मुलाला दमा आहे. इशारा आला की खिडक्या बंद, बाहेर खेळणं बंद. इथल्या मातीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते, ती श्वासातून फुप्फुसात जाते. खोकला-ताप आठवडे रेंगाळला आणि तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल, तर डॉक्टरांना 'ॲरिझोनात होतो' हे आवर्जून सांगा. माझ्या बहिणीचं निदान त्यावरूनच झालं.

नवीन_टेंपी
वाळवंटी ताई, धोक्याचे ब्लिंकरही बंद करायचे?

वाळवंटी
हो, तेही. मागचा ड्रायव्हर पुढचे लाल दिवे धरून गाडी हाकतो. तुमचे चालू राहिले, तर तो रस्ता समजून थेट तुमच्यावर येतो.