टर्बो डिझेलचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: समान लांबीच्या नळ्या कराव्यात का?

डिझेलधून:
इंजिन २.५ लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, हेड ॲल्युमिनियमचं. मूळचा ओतीव मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा नळ्यांचा संच) २ आणि ३ नंबरच्या पोर्टांच्या मधल्या भागात तडकला आहे. नवा टर्बो फिक्स्ड जिओमेट्रीचा (आतली वाट न बदलणारा) आहे, टी३ मापाचा फ्लँज (बोल्टने जोडायची सपाट पट्टी) आणि दुभागलेलं तोंड. ३०४ स्टेनलेसच्या चार नळ्या, आतला व्यास ४५ मिमी, प्रत्येकी ५०० मिमी, सगळ्या समान लांबीच्या, असं काढलं आहे. पोर्ट अंडाकृती, ३४ × ३८ मिमी. वापर १४०० ते ४२०० आरपीएम. समान लांबीचा फायदा मिळेल का? आणि भिंत किती जाड घेतली तर पुन्हा तडा जाणार नाही?

पल्सवाला:
समान लांबीचा नाद सोडा. ते गणित जास्त आरपीएमच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचं आहे. तिथे परतणारी लाट सिलिंडर रिकामा करायला मदत करते. इथे नळीच्या टोकाला टर्बाइन बसलंय आणि आरपीएम कमी आहेत. व्हॉल्व्ह उघडताच सुटणारा दाबाचा झटका शक्य तितका तिखट आणि गरम असताना टर्बाइनपर्यंत पोचवायचा, एवढंच मॅनिफोल्डचं काम.

तुमच्याच आकड्यांवर हिशेब करून बघा. ४५ मिमी व्यास आणि ५०० मिमी लांबी म्हणजे एका नळीत सुमारे ७९५ घनसेमी. तुमचा एक सिलिंडर ६२५ घनसेमीचा. म्हणजे सिलिंडरपेक्षा नळीच मोठी! एवढ्या पोकळीत पल्स, म्हणजे तो झटका, पसरून बोथट होते आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) उशिरा चढतो. पोर्टचं क्षेत्रफळ साधारण १०.१ चौरस सेमी येतं. सव्वा इंची शेड्यूल १० (भिंतीच्या जाडीचा एक ठरीव वर्ग) पाइपचा आतला व्यास ३६.६ मिमी, क्षेत्रफळ १०.५. अगदी जुळतो. सरासरी २०० मिमी लांबी धरली तर एका नळीत २१० घनसेमी. चारही नळ्या मिळून तुमच्या मूळ आराखड्यातल्या जवळपास एका नळीएवढ्या.

लांबीपेक्षा जोड्या महत्त्वाच्या. १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र, आणि मधली भिंत टर्बाइनच्या तोंडापर्यंत सलग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह २४० अंश उघडा असेल आणि दर १८० अंशांनी पुढचा सिलिंडर उघडत असेल, तर शेवटच्या ६० अंशांत शेजाऱ्याचा झटका आधीच्या सिलिंडरमध्ये उलटा घुसतो. जोडी केली की दोन झटक्यांत ३६० अंशांचं अंतर पडतं. १ आणि ४ च्या नळ्या २-३ पेक्षा लांब होतील, होऊ द्या. दोन नळ्या ३० अंशांच्या आतल्या कोनात मिळवा आणि जोडानंतर क्षेत्रफळ वाढवू नका. टर्बो व्हीजीटी (आतली वाट लहानमोठी करणारा) असता तर तोंड एकच असतं, मग ही विभागणी करून उपयोग नव्हता.

गरमजोड:
तड्याबद्दल. भिंत जाड केल्याने तडा थांबत नाही, अडवलेलं प्रसरण मोकळं केल्याने थांबतो.

१ ते ४ पोर्टचं अंतर ३०० मिमी धरा. ३०४ स्टेनलेस २० वरून ६५० अंश सेल्सियसवर गेलं की तेवढ्या लांबीत सुमारे ३.४ मिमी वाढतं. हेड ९० अंशांवर जेमतेम अर्धा मिमी वाढतं. उरलेले तीन मिमी जायचे कुठे? फ्लँज हेडला टेकून तुलनेने थंड राहतो, म्हणून ताण नळी आणि फ्लँजच्या वेल्डवर येतो आणि तडा नेमका वेल्डच्या कडेला सुरू होतो.

हेडकडचा फ्लँज १० ते १२ मिमी घ्या आणि वेल्डिंग संपल्यावर पोर्टांच्या मधोमध कापा. मधल्या स्टडांची भोकं नेमकी ठेवा, टोकाची बाहेरच्या दिशेने लंबगोल करा. स्टडवर लांब स्पेसर घातला की स्टडला ताणायला लांबी मिळते आणि नट सैल पडत नाही. नट मधून टोकांकडे आवळा. पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर परत तपासा.

३०४ मध्ये ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात कणसीमांवर क्रोमियम कार्बाइड जमतं, आणि तुमचा मॅनिफोल्ड त्याच पट्ट्यात राबणार. परवडत असेल तर ३२१ घ्या, त्यात टायटॅनियम असतं. त्याला ३४७ ची फिलर रॉड. ३०४ आणि साधं पोलाद जोडायचं असेल तर ३०९एल.

नळीच्या आतून आरगॉन वायू सोडल्याशिवाय टिग वेल्डिंग करू नका. मुळाशी जी काळी खरबरीत साय धरते ती पुढे निखळते आणि थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. जाड प्लेटवर फ्लँज बोल्ट करून सगळं टॅक करा (छोट्या ठिपक्यांनी तात्पुरतं जोडा), आलटून पालटून वेल्ड करा आणि प्लेटवरच थंड होऊ द्या. मग सरळपट्टी लावा. ०.१ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) आत गेलं तर पृष्ठभाग मशीनवर घासून घ्या.

डिझेलधून:
दोघांचेही आभार. वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारा व्हॉल्व्ह) बाहेरचं, एकच आहे. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर चालेल का? धुराचं तापमान मोजायचं थर्मोकपल कुठे लावू?

पल्सवाला:
एका वेस्टगेटला दोन्ही बाजू आधीच एकत्र आणून जोडल्या तर विभागणीच मोडते. दोन्ही वाटा व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत वेगळ्या न्या, नाहीतर दोन वेस्टगेट लावा. के-टाइप थर्मोकपल प्रत्येक जोडीच्या संगमानंतर एक, टोक प्रवाहाच्या मध्यावर. दोन बाजूंत कायम फरक दिसला तर आधी इंजेक्टर बघा.

तिथेच दाब मोजायलाही बॉस (आटे पाडलेला वेल्डचा तुकडा) ठेवा. गेजपर्यंत गुंडाळलेली धातूची नळी न्या, म्हणजे वायू थंड होईल. पूर्ण लोडवर टर्बाइनआधीचा दाब बूस्टच्या दीडपटीच्या आत असेल तर ठीक. दुपटीला गेला तर बहुधा टर्बाइन हाउसिंग लहान पडतंय, मॅनिफोल्डची काटछाट करत बसू नका.

गरमजोड:
वजन नळ्यांवर नको, डिझेलची थरथर जास्त असते. ब्लॉकवरून ब्रॅकेट द्या, पण त्यालाही लंबगोल भोक, नाहीतर ब्रॅकेटच प्रसरण अडवेल. टर्बोचा ऑइल ड्रेन शक्यतो सरळ खाली. उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नका, धातू आणखी तापतो. हवेची फट ठेवून पत्र्याचं कवच लावा.