पुस्तकाच्या समासात लिहावे की समास कोरा ठेवावा?

शिसपेन्सिल:
सुमारे वीस वर्षांपूर्वी वाचलेली एक कादंबरी गेल्या आठवड्यात पुन्हा हातात घेतली आणि ११२व्या पानावर थबकलो. समासात माझ्याच अक्षरात, टोक बोथट झालेल्या पेन्सिलीने 'खोटे!' असे लिहिलेले होते. मुलगी वडिलांना माफ करते, तो प्रसंग. आज मला तोच त्या कादंबरीतला सर्वांत खरा प्रसंग वाटला. मधल्या काळात पुस्तक जिथल्या तिथे राहिले आणि मी किती सरकलो, हे त्या एका शब्दाने जितके नेमके दाखवले, तितके दुसऱ्या कशानेही दाखवले नसते.

ती प्रत पाहून आमच्या एका आप्तांनी विचारले, "छापील पुस्तकावर गिरवायला तुमचा हात तरी कसा धजावतो?" म्हणून हा चर्चाप्रस्ताव. माझ्या मते समासात लिहिणे हा वाचनाचाच भाग आहे; नुसत्या डोळ्यांनी वाचलेले पुस्तक माझ्या बाबतीत तरी महिनाभरात पुसट होते. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार मॉन्टेन याची अडचण हीच होती. आधी वाचलेले पुस्तक तो नवे समजून पुन्हा उघडत असे, म्हणून वाचून संपवल्याची तारीख आणि एकंदर मत तो पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवू लागला. आपल्या विसरभोळेपणाची ही कबुली त्याने स्वतःच दिली आहे. पुस्तक देवघरात ठेवण्याची वस्तू नाही, वापरण्याची आहे, आणि वापराच्या खुणा त्यावर उमटणारच. आपल्याला काय वाटते?

कोरा समास:
आपण दिलेला दाखला आपल्याच विरोधात जातो, असे नम्रपणे सुचवतो. ११२वे पान उघडताच आपली नजर आधी कुठे गेली असेल? 'खोटे!' या शब्दावर. म्हणजे तो प्रसंग आपण वाचला तो लेखिकेने मांडला म्हणून नव्हे, तर वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःला उत्तर देण्यासाठी. दुसरे वाचन हे वाचकाच्या वाट्याला क्वचित येणारे सुख असते आणि आपण ते पहिल्या वाचनाच्या दावणीला बांधून टाकता. अधोरेखित ओळींचा उपद्रव तर याहून मोठा. ज्या ओळींखाली रेघ नसते, त्या बिनमहत्त्वाच्या असल्यासारख्या डोळ्यांखालून घसरून जातात; आणि चांगल्या गद्यात खरे काम पुष्कळदा अशाच न मिरवणाऱ्या ओळी करत असतात.

दुसरा मुद्दा संहितेचा. हस्तलिखितांच्या काळी वाचकाने समासात लिहिलेले स्पष्टीकरण पुढचा लेखनिक मूळ मजकूर समजून आत घेत असे, आणि पाठभेद वाढण्याचे ते एक कारण होते. शके १५०६मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४च्या सुमारास, एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. त्या कामाच्या शेवटी त्यांनी बजावले की, या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे. आपली पेन्सिल फार मोठी नरोटी आहे असे मी म्हणत नाही, पण जात तीच.

तळटीप:
एकनाथांचा दाखला इथे गैरलागू आहे. त्यांची तक्रार मूळ ग्रंथात केलेल्या भरीबद्दल होती आणि ती हाती उतरवलेल्या प्रतींच्या जगात रास्तच होती. छापील पुस्तकाच्या हजारो प्रती एकसारख्या असतात. माझ्या प्रतीत मी काहीही लिहिले, तरी ते पुढच्या आवृत्तीत शिरत नाही. शिवाय समासातल्या एका टिपेने गणिताला साडेतीन शतके कामाला लावले, हे विसरून कसे चालेल? प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटस याच्या ग्रंथाच्या स्वतःच्या प्रतीत, १६३७च्या सुमारास, फ्रेंच गणिती फर्मा याने एक प्रमेय मांडून लिहिले की या प्रमेयाची सुंदर सिद्धता मला सापडली आहे, पण ती मावेल एवढा हा समास रुंद नाही. ती प्रत पुढे हरवली. त्याच्या मुलाने १६७०मध्ये त्या टिपांसह ग्रंथ छापला नसता, तर हे वाक्य कोणाला कळलेच नसते.

कोरा समास:
फर्माचा दाखला मी आनंदाने स्वीकारतो. त्याने वही वापरली असती, तर सिद्धतेसाठी जगाला गणिती अँड्र्यू वाइल्स यांच्या १९९५च्या निबंधापर्यंत थांबावे लागले नसते, किंवा त्याच्याकडे सिद्धता नव्हतीच हे तरी लवकर उघड झाले असते.

पुन्हा_परीक्षा:
मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केलेली आहे, त्यामुळे थोडे व्यवहाराचे सांगते. माझ्या पुस्तकांत पिवळा, गुलाबी आणि हिरवा असे तीन हायलायटर फिरत असत, आणि एका पुस्तकाच्या शेवटी अशी अवस्था आली की न रंगवलेली वाक्येच उठून दिसू लागली. रंगवताना आपण शिकत आहोत असे वाटते, मात्र पुस्तक मिटून 'आता सांग पाहू' म्हटले की तोंडातून शब्द फुटत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला होता. त्यात अधोरेखनाला कमी उपयोगाच्या पद्धतींत जागा मिळाली, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास काही दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन पद्धती वरच्या ठरल्या. तेव्हा 'खुणा केल्या की लक्षात राहते' हा मूळ प्रस्तावातला दावा मला टिकणारा वाटत नाही.

शिसपेन्सिल:
रेघ ओढणे आणि शब्द लिहिणे यांत मी फरक करतो, आणि तो मी आधीच सांगायला हवा होता. रेघ ओढायला विचार लागत नाही, हात सवयीने चालतो. 'खोटे!' लिहायला मात्र आधी लेखिकेशी भांडावे लागते. तीन रंगांच्या पुस्तकाचा बचाव मी करणार नाही.

दुसऱ्या वाचनाबद्दलचा आक्षेप मला अधिक बोचला, कारण तो अर्धा खरा आहे. नजर खुणेकडे जाते, हे मान्य. परंतु खूण नसती तर मी कोऱ्या मनाने वाचले असते, हे मला मान्य नाही. जुने मत पुसटपणे डोक्यात राहतेच, आणि समासात लिहिलेले निदान समोर दिसते, त्याच्याशी झगडता येते.

परत_न_आलेली_प्रत:
तात्त्विक चर्चा रंगली आहे, तिच्यात एक क्षुद्र तक्रार घालतो. माझा एक जुना कवितासंग्रह एका परिचितांनी नेला आणि चार महिन्यांनी परत केला, तोही हिरव्या शाईच्या बॉलपेनने ठिकठिकाणी 'छान' आणि 'वा!' असे लिहून. एका कवितेखाली तर कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक होता. कागद पातळ असल्याने शाई मागच्या पानावरच्या कवितेत उतरली आहे. स्वतःच्या प्रतीत कोणी महाकाव्य लिहावे, माझे काही म्हणणे नाही. पण उसन्या आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांना हा नियम लावता येत नाही, एवढे तरी सर्वांनी मान्य करावे.

तळटीप:
पूर्ण सहमत. अपवाद फक्त इंग्रज कवी कोलरिजचा. त्याला दिलेले पुस्तक बहुधा ठरल्या वेळेआधीच, टिपांनी समृद्ध होऊन परत येते, म्हणून त्याला पुस्तके खुशाल द्यावीत, असे त्याचा मित्र चार्ल्स लॅम याने लिहून ठेवले आहे. आपले परिचित त्या योग्यतेचे नसावेत.

परत_न_आलेली_प्रत:
'वा!'वरून तरी तसे वाटले नाही.

पुन्हा_परीक्षा:
मधला मार्ग हवा असेल, तर डार्विनची पद्धत पाहण्यासारखी आहे. तो वाचताना समासात पेन्सिलीने उभ्या रेघा ओढी, क्वचित दोन शब्द लिही आणि खुणा केलेल्या पानांची यादी पुस्तकाच्या शेवटी करी. मी आता समासातले सगळे वगळून फक्त ती यादी करते. शेवटच्या कोऱ्या पानावर पृष्ठक्रमांक आणि त्यापुढे तीन-चार शब्द, उदाहरणार्थ '८६, आजीचे पत्र'. पान स्वच्छ राहते आणि हवे ते अर्ध्या मिनिटात सापडते. अर्थात जड पुस्तक धरायला सोपे जावे म्हणून डार्विन ते मधोमध कापून त्याचे दोन भाग करत असे, हेही इथल्या स्वच्छतावाद्यांनी ऐकून ठेवावे.

कोरा समास:
कापण्याचा भाग मी वाचलाच नाही असे समजतो. शेवटच्या पानावरच्या यादीला माझी हरकत नाही, कारण ती वाचन संपल्यावर भेटते, वाचनाच्या मध्ये येत नाही. फक्त प्रस्तावकर्त्यांना एक विचारायचे राहिले आहे. ११२व्या पानावरचा तो शब्द आपण आता खोडला का?

शिसपेन्सिल:
खोडला नाही. त्याच्याखाली आजची तारीख घालून 'खरे असावे' असे लिहिले आहे.

कोरा समास:
म्हणजे तिसऱ्या वाचनाला नजर दोन ठिकाणी अडकणार.