एस.डी. ५२ म्हणजे इसवी सन पूर्व किती?

व्याख्यानातल्या स्लाइडवर मडक्याखाली ‘एस.डी. ५२’ होतं, ते इसवी सन पूर्व कितवं वर्ष, असं वर विचारलंय. ते वर्ष नाहीच, नुसता क्रमांक आहे: एस.डी. म्हणजे ‘सीक्वेन्स डेट’, मडक्यांच्या क्रमातली जागा.

इजिप्तमधल्या नकादाच्या प्राचीन दफनभूमीत ना राजांची नावं, ना एकावर एक साचलेले थर. म्हणून पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने मडक्यांचे नऊ वर्ग पाडले, निदान पाच प्रकारची मडकी असलेली सुमारे ९०० थडगी निवडली आणि प्रत्येकाची एक पट्टी केली. सारखे प्रकार जवळजवळ येईपर्यंत पट्ट्या मागेपुढे सरकवायच्या, एवढीच युक्ती. आधीचं टोक कुठलं, हे नागमोडी कानांच्या मडक्यांनी ठरवलं. सुरुवातीला पोट गोल आणि कान धरता येण्याजोगे. पुढे अंग बारीक होत जातं, शेवटी सरळ नळकांडं उरतं आणि कानाच्या जागी फक्त नक्षीची रेघ. या क्रमाला ३० ते ८० आकडे दिले. १ ते २९ राखून ठेवले, पुढे आणखी जुनं काही निघालं तर! (निघालंही: नकादाच्या आधीची बदारी संस्कृती.)

गफलत होते ती इथे. ३० ते ८० हे ५१ भाग थडग्यांच्या संख्येवर पाडलेत, काळावर नाही. त्यामुळे ४० ते ५० आणि ६० ते ७० हे अंतर वर्षांत सारखं असेलच असं नाही. १९५७ मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ कायझरने इजिप्तमधल्याच आरमंतच्या दफनभूमीत कुठली मडकी कुठल्या भागात आहेत हे पाहून टप्पे नव्याने बांधले. त्या हिशेबात ५२ ‘नकादा दोन’ या नकादा संस्कृतीच्या दुसऱ्या टप्प्यात पडतो, ढोबळमानाने इ.स.पू. ३५०० ते ३२००.