मदत हवी आहे: आई-बाबा आणि मुलांसोबत ब्लिस्ट्स हिल

नमस्कार मंडळी. आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. भारतातून आई-बाबा आलेत, त्यांना आणि मुलांना घेऊन एक दिवस श्रॉपशरमधल्या ब्लिस्ट्स हिलला जायचंय. १९०० च्या सुमाराचं व्हिक्टोरियन गाव तिथे उभं केलंय: बेकरी, औषधांचं दुकान, मेणबत्त्यांचा कारखाना, शेजारी लोखंडाच्या जुन्या भट्ट्यांचे अवशेष. बँकेत आजचे पैसे देऊन जुनी नाणी घ्यायची आणि ती दुकानांत खर्चायची. बाबांना याचंच भारी अप्रूप. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड हा हिशेब ते नातवंडांना आणे-पैशांशी जोडून आत्तापासून समजावतायत. घरातला राणीछाप रुपयाही मुद्दाम सोबत आणलाय!

अडचण अशी, की आईचे गुडघे दुखतात. जागा उतारावर आहे, तर परतीचा चढ तिला झेपेल का? मधे बसायला बाकं आहेत का? शिवाय ती शाकाहारी. तिथले चिप्स गाईच्या चरबीत तळतात असं ऐकलंय, म्हणजे डबा न्यावाच लागेल. पाऊस आला तर पोळी-भाजी खायला आडोसा मिळतो का?

मुलीला बॉनेट (हनुवटीखाली बांधायची जुन्या काळची टोपी) आणि झालरीचा एप्रन घालून यायचंय. इतर मुलंही असा वेश करून येतात का? एकटीच असली तर ती अवघडेल.

आणि १७७९ साली उभा राहिलेला आयर्नब्रिजचा लोखंडी पूल त्याच दिवशी निवांत बघून होईल, की वेगळा दिवस ठेवू? आईला दमवायचं नाहीये. वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर नक्की सांगा.