आईला प्रवाळ दाखवायचेत, अंदमानात कुठे न्यावं?

सोलापूरकर:
गड्डा यात्रा आटोपली की फेब्रुवारीत आईला घेऊन अंदमानला निघतोय. वय 62, पोहता येत नाही. मोठं पाणी म्हणजे तिच्यासाठी सिद्धेश्वर तलाव! पण जिवंत प्रवाळ बघायची फार इच्छा आहे तिची.

भटक्या:
जॉली बॉय बेट. वांडूरहून बोट असते, परवाना आधीच काढून ठेवा. काचेच्या तळाच्या बोटीतून, पाण्यात न उतरता प्रवाळ दिसतात. प्लास्टिकची बाटली नेता येत नाही, स्टीलची घ्या.

माळावरची:
मी स्वराज द्वीपला एलिफंट बीचवर उतरले होते. शेजारच्या माणसानं आधारासाठी प्रवाळावर पाय ठेवला आणि फांदी तुटली. फार वाईट वाटलं. तो दगड नाही हो, हजारो इवले जीव एकत्र राहतात तिथे. किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळांना संरक्षण आहे.

सोलापूरकर:
नाही आणणार, ताई. लहानपणी नान्नजला माळढोक दिसावा म्हणून बाबांबरोबर तासन्‌तास गप्प बसायचो. आईलाही तसंच शांतपणे बघू देतो. जॉली बॉय नक्की.