कासवाला शीतनिद्रेसाठी फ्रिजमध्ये ठेवायचं आहे, पण मधेच तीन आठवडे पुण्याला जायचंय. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. जूनमध्ये शेजारच्या आजी वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि त्यांनी त्यांचं कासव आमच्या हवाली केलं. हर्मन जातीचं, जमिनीवरचं, नाव टोबी. आजींनी ३१ वर्षं सांभाळलेला जीव आहे. माझ्या हातून काही चूक झाली तर त्यांना काय तोंड दाखवू, या विचाराने झोप लागत नाही.

ही भूमध्य समुद्राकाठची जात, थंडीत झोपणारी. (आपल्याकडच्या स्टार कासवाला असं झोपवत नाहीत, आणि भारतात ते घरी ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे कोणी हे वाचून तिकडे प्रयोग करू नका.)

आजी त्याला पेंढ्याच्या खोक्यात घालून बागेतल्या शेडमध्ये ठेवायच्या. डॉक्टर म्हणाले, शेड नको. पारा शून्याखाली गेला तर डोळे कायमचे जाऊ शकतात, उंदीर पाय कुरतडतात, आणि मधेच चार दिवस ऊब आली तर ते अर्धवट जागं होऊन अंगातली चरबी जाळत बसतं. त्यापेक्षा वेगळा छोटा फ्रिज घ्या, ५ अंशांच्या आसपास ठेवा. तपासणी झाली आहे. विष्ठेत जंत नाहीत, नाक-डोळे स्वच्छ, वजन १,१४० ग्रॅम.

सासूबाई सध्या इथे आहेत. त्या म्हणतात, "अगं, जिवंत प्राणी फ्रिजमध्ये कोंडायचा?" त्यांना समजावताना माझाच धीर सुटतो.

आता अडचण. ५ डिसेंबरला भावाच्या लग्नासाठी पुण्याला निघायचंय, २७ला परत. टोबी सध्या दुपारी जेमतेम दोन पानं खातो, डँडेलियनची. बाकी वेळ कोपऱ्यात माती उकरत असतो. नखांचा तो खरखर आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. उपास आत्ताच सुरू करू का? आणि आम्ही नसताना मैत्रिणीवर सोपवणं बरोबर आहे का? की यंदा झोपवूच नये?

प्रतिसाद

ताई, मी म्युनिकला असतो. माझी दोन हर्मन गेली सहा वर्षं फ्रिजमध्येच झोपतात. सासूबाईंना सांगा, त्याच्यासाठी तो फ्रिज म्हणजे जमिनीखालचं बीळच आहे.

उपास आत्ताच सुरू करा. एवढ्या मोठ्या कासवाला तीन ते चार आठवडे लागतात. पोटात अन्न राहिलं तर थंडीत ते पचत नाही, आतच कुजतं. पण सुरुवातीचे दोन आठवडे दिव्याची ऊब तशीच ठेवा, नाहीतर आधीचं खाल्लेलं बाहेर कसं पडणार? मग रोज थोडी थोडी कमी करा. आणि पाणी अजिबात तोडू नका! रोज कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत बसवा. मूत्राशयात साठलेल्या पाण्यावरच त्याचा हिवाळा निघतो. माझ्या ओळखीत एकांनी खाण्याबरोबर पाणीही बंद केलं होतं. ते कासव वाचलं, पण मार्चमध्ये महिनाभर दवाखाना झाला.

मैत्रिणीचं म्हणाल तर, झोपलेल्या कासवाला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते चुकवून चालत नाही. रोज एकदा दार उघडून हवा खेळवायची, थर्मामीटरवरचा कमाल-किमान आकडा लिहायचा, आठवड्याला वजन. १,०२६च्या खाली गेलं, म्हणजे दहा टक्के घटलं, तर उठवायचं. लघवी केलेली दिसली तरी त्याच दिवशी उठवायचं, वाट बघायची नाही. हे ती मनापासून करणार असेल तर खुशाल जा. नसेल, तर २७ला परत आल्यावर झोपवा आणि तोवर दिवा आणि खाणं चालू ठेवा. फक्त मग उपासही परत आल्यावरच सुरू करायचा, आणि तो संपला की झोपवायचं. आत्ता उपाशी ठेवून दिव्याखाली जागं ठेवणं हे सगळ्यात वाईट.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. मैत्रिणीशी बोलले. ती परिचारिका आहे, म्हणाली, "रोजचा तक्ता भरायची मला सवयच आहे." मी १५ नोव्हेंबरच्या सुमारास झोपवणार, म्हणजे निघण्याआधी तीन आठवडे माझ्याच नजरेखाली राहील. तिच्या हाताशी दिवा, टब आणि डॉक्टरांचा नंबरही ठेवून जाईन, मधेच उठवावं लागलं तर.

एक विचारायचं राहिलं. फ्रिज आणलाय, कासव नसताना चालवून बघतेय. पारा दुपारी ४ अंश आणि रात्री ९ अंश असा वरखाली होतोय. हे कसं थांबवायचं?

प्रतिसाद

पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, जितक्या मावतील तितक्या. दार उघडलं तरी पारा फारसा हलत नाही. आणि खोकं मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे सगळ्यात गार असतं.

धागाकर्ती

आठ बाटल्या ठेवल्या. काल रात्री ६, आज सकाळी ५.५. सासूबाईंनीच मला न सांगता उठून आकडा वहीत लिहून ठेवला होता.