पाहुण्यांना कोल्हापूर म्हणून नेमकं काय दाखवायचं?

गंगावेसकर
पाहुणे आले की आपला दौरा ठरलेला. अंबाबाई, न्यू पॅलेस, मध्ये मिसळ, रंकाळा, जाताना चप्पल लाईन. माझं म्हणणं, देवळं-राजवाडे-तलाव दुसऱ्या गावांतही आहेत. खासबाग कुठं आहे? शाहू महाराज १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचं कलोझियम बघून आले आणि १९१२ साली इथं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. मधोमध आखाडा, भोवती चढत जाणारा उतार. पार मागं बसलेल्यालाही कुणी पट काढला ते दिसतं. त्याला लागूनच १९१५ सालचं पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. पैलवान आणि गायक नट यांना एकमेकांचा शेजार देणारा दुसरा राजा असेल तर सांगा. आणि आपण पाहुण्याला नेतो कुठं, तर भेळ खायला!

दक्षिण दरवाजा
रंकाळ्याच्या भेळेला नावं ठेवू नका, बाकी बोलू. अंबाबाईला ‘दुसऱ्या गावांतही आहे’च्या यादीत टाकलंत ते अजिबात पटलं नाही. किरणोत्सव बघितलाय का कधी गर्दीत उभं राहून? नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी सरताना मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. आधी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. म्हणजे देऊळ बांधणाऱ्यानं बाहेरची मोकळी जागासुद्धा हिशेबात धरली होती. आता त्या वाटेत इमारतींचे मजले वाढले, की किरणं अडतात आणि वाद सुरू होतात. वारसा म्हणून कशाची काळजी करायची असेल तर याची करा. शिवाय महाद्वार रोडचं पोट कुणाच्या जिवावर चालतं? खासबागेच्या नाही.

पेठेतला
खासबागेत वर्षात मैदानं भरतात किती? एरवी पाहुण्याला रिकामा उतार दाखवून काय सांगणार? ‘इथं पूर्वी लई गर्दी व्हायची’? पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे शाहूपुरी तालमीत घडले, ते हिंदकेसरी झाले ते साल होतं १९५९. त्यानंतर किती पाणी वाहून गेलं पंचगंगेतून! आज कितीतरी तालमींत कुस्तीच्या मातीच्या हौद्यापेक्षा कॅरम बोर्ड जास्त चालतो. गणपती आणि निवडणूक आली की मात्र तालीम जागी होते.

निळा झेंडा
तालीम झोपली म्हणणाऱ्या भावानं एकदा शाहू स्टेडियमवर यावं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, ही फुटबॉलच्या संघांची नावं आहेत! कुस्तीच्या घरातनं फुटबॉल निघालाय, असं गाव दाखवा की दुसरं. पेठच्या पेठ उन्हात येऊन बसते. पाहुण्याला तिथं बसवा, न्यू पॅलेसातल्या पेंढा भरलेल्या वाघापेक्षा जास्त कोल्हापूर कळंल त्याला. नाद करायचा नाय!

माहेरवाशीण
आणि हुल्लडबाजी झाली, दगड आले, की पाहुण्याला घेऊन पळायचं कुठून तेही सांगा.

गंमत अशी की आत्तापर्यंत गावाची ओळख म्हणून जे जे आलं, त्यात देऊळ सोडलं तर बायकांना जागाच नाही. मी मंगळवार पेठेत वाढले, पण खासबागेतली कुस्ती आम्हा बहिणींना कुणी दाखवली नाही. नाटकाला मात्र सगळं घर जायचं. म्हणून मला विचाराल तर नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. न्यू पॅलेसच्या एखाद्या दालनाला काही झालं असतं तर हळहळले असते, पण रडले असते का? गावाचं काय आहे आणि पाहुण्यांचं काय, ते मला तेव्हा दिसलं.

दक्षिण दरवाजा
ताई, रडण्याबद्दल दुमत नाही. पण पुन्हा उभं राहील ते नवं लाकूड, नवा रंगमंच. त्याला १९१५ चं कसं म्हणायचं?

माहेरवाशीण
नाटक लागलं आणि पडदा वर गेला की म्हणायचं. लाकडाचं वय विचारायला कोण येतं?

पेठेतला
हे मान्य नाही. मग जुनं जपायचंच कशाला, सगळंच पाडून नवं बांधू! शाहू महाराजांनी उभं केलेलं ते तेच. नवं चांगलं असेल, पण ते आपण बांधलेलं असेल.

गंगावेसकर
आग लागायच्या आधी किती जणांना ते जुनं आठवत होतं, हाच माझा मूळ मुद्दा आहे. दौऱ्यात असतं, रोज चार माणसं बघून जात असती, तर देखभालीचा प्रश्न निदान कुणीतरी विचारला असता. खासबागेचं तसं व्हायच्या आत तिथं एक माहितीफलक, एक वाटाड्या आणि मैदान असेल त्या दिवशी पाहुण्यांसाठी शंभरेक जागा एवढं करा. पहाटे हौद्यात माती उकरताना बघायची सोय एखाद्या तालमीनं केली तर आणखी उत्तम.

निळा झेंडा
तालमीत फोटो काढत फिरायला परवानगी? वस्ताद हाकलून देईल. सराव म्हणजे काय सर्कस आहे व्हय?

तीनचाकी
मी रोज पाहुणे फिरवतो. देवदर्शन झालं की त्यांच्याकडं दोन तास उरतात, त्यात पन्हाळा बसतोय का विचारतात. खासबाग सांगितलं तर ‘बाग आहे का?’ म्हणतात. न्यायला माझी ना नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी बिंदू चौकातनं गाडी पुढं कशी काढायची, तेवढं कुणीतरी सांगा.